बाई, पुरवणी मोजा

सव्वीस वर्षं मी परीक्षेच्या वर्गावर पर्यवेक्षक म्हणून उभी राहतेय, आणि सव्वीस वर्षांत मी नाकावर माशी बसू दिली नव्हती. मुलं मला ‘घंटाबाई’ म्हणतात. मला ते माहीत नाही असं त्यांना वाटतं, वाटू दे बापडं. शेवटची घंटा झाली की सात मिनिटांत माझ्या वर्गाच्या उत्तरपत्रिका क्रमाने लागून कार्यालयात जमा होतात. बाकीचे पर्यवेक्षक ‘अरे, तुझा बैठक क्रमांक काय, सही कुठे केलीस’ करत वर्गातच अडकलेले असतात, तोवर माझा चहा पिऊन झालेला असतो. त्या चहाची मला फार मिजास होती.

ज्यांनी हे काम कधी केलं नाही त्यांना वाटतं, तीन तास नुसतं उभं राहायचं, त्यात काय एवढं! राहून बघा म्हणावं. उत्तरपत्रिका वाटायच्या, बारकोड सरळ चिकटवलाय का बघायचं, प्रत्येकीवर सही करायची. उत्तरपत्रिकेची पानं संपली की मूल हात वर करतं, मग त्याला पुरवणी द्यायची. पुरवणी म्हणजे चार पानांचा सुटा कागद, त्यावरही माझी सही. ती मुलाने दोऱ्याने मूळ उत्तरपत्रिकेला बांधायची आणि पहिल्या पानावरच्या चौकटीत आकडा लिहायचा, एक पुरवणी, दोन पुरवण्या, जे असेल ते. मी तक्त्यात भरायचं: पुरवण्या मिळाल्या किती, वाटल्या किती, कोऱ्या उरल्या किती. तक्ता जुळला की पर्यवेक्षक सुटला.

हा तक्ता मी घंटेआधी पंधरा मिनिटं भरून ठेवते. ठेवत होते. नियम नाही तसा, पण त्याशिवाय सात मिनिटांत जमा कसं करणार?

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे सांगायची लाज वाटेल. परीक्षेच्या वर्गात छापील कागदाचा कपटाही चालत नाही. एका मुलीच्या कंपासपेटीच्या तळाशी वर्तमानपत्राचा तुकडा घातलेला होता, तोसुद्धा मी दारातच काढायला लावला होता. आणि मी स्वतः? मी टेबलावर कालचं अख्खं वर्तमानपत्र पसरते. खडूची धूळ असते, शाईचे डाग असतात, माझ्या साडीला लागतात. पेपर संपला की त्याची चार पदरी घडी घालून पिशवीत टाकते. घरी आमच्या ह्यांना जुनी शब्दकोडी सोडवायला लागतात. पर्यवेक्षकाची पिशवी तपासणार कोण?

गणिताच्या पेपरला खिडकीजवळच्या बाकावर एक बारकीशी मुलगी होती. दोन वेण्या, बोटांच्या टोकांना सुया टोचल्याच्या खुणा. पहिले दोन तास तिने मान वर केली नाही. एक पुरवणी घेतली, बांधली. मी तक्ता भरला: मिळाल्या चाळीस, वाटल्या एकतीस, शिल्लक नऊ. पेनाला टोपण लावलं आणि हिने हात वर केला.

“आता? दहा मिनिटं राहिलीत,” मी म्हटलं.

“सुचलंय बाई. द्या ना.”

मी दिली. सही केली. तक्त्यातला आकडा नंतर बदलू म्हटलं, आणि तो नंतर काही आला नाही.

घंटा झाली तेव्हा ती दोरा ओवत होती. “पेन खाली! हात मागे! कोणी कागदाला हात लावायचा नाही!” हे मी इतक्या जोरात म्हणते की शेजारच्या वर्गातलीही मुलं पेनं खाली ठेवतात. ती म्हणाली, “बाई, एक गाठ फक्त...” मी म्हटलं, “गाठ काय, लग्नाची आहे का?” वर्ग हसला. तिने ती सुटी पुरवणी उत्तरपत्रिकेच्या आत सारली आणि मी ती उत्तरपत्रिका तिच्या हाताखालून ओढून घेतली. दारातून जाताना ती थांबली. “बाई, माझी दुसरी पुरवणी बांधलेली नाहीये, आत आहे.” मी म्हटलं, “आत आहे ना? मग पळ.”

टेबलावर सगळ्या उत्तरपत्रिका ओतल्या, क्रम लावला. तिच्या उत्तरपत्रिकेवरची पुरवण्यांची चौकट रिकामी होती. मी उघडून पाहिलं, बांधलेली एकच पुरवणी. सुटं काही नाही. म्हटलं, कार्टीने घेतली असेल कोरीच आणि ठेवली असेल तशीच बाकावर, आता सारवासारव. चौकटीत मी माझ्या हाताने ‘एक’ लिहिलं. वर्तमानपत्राची घडी घातली, पिशवी उचलली आणि निघाले.

कार्यालयात कोऱ्या पुरवण्या शिपाईमामा मोजून घेतात. ते म्हणाले, “बाई, आठच आहेत.”

“मामा, चष्मा पुसा. नऊ आहेत.”

मागे पाच-सहा जण रांगेत उभे. मामांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मोजायला अंगठा जिभेला लावला, आणि मग नुसतीच मान हलवली. “तुमचं चुकायचं नाही कधी,” म्हणाले आणि नऊवर सही केली. मी चहा घेतला.

अर्ध्या तासाने गठ्ठे मोहोरबंद होऊन गाडीत चढले आणि ही मुलगी कार्यालयाच्या दारात उभी. “बाई, माझी ती पुरवणी मिळाली ना आत?”

आता मला काय झालं ते सांगते. मला राग आला. घाबरले असते तर बरं झालं असतं, पण मला राग आला. सगळ्यांच्या देखत माझ्याकडे हिशेब मागते! मी तक्ता काढून केंद्रप्रमुखांपुढे ठेवला. केंद्रप्रमुख माझ्याहून बारा वर्षांनी लहान, मला बिचकूनच असतात. “हा बघा सर, जुळलेला तक्ता. ही म्हणते दुसरी पुरवणी होती. चोराच्या उलट्या बोंबा!” हे शब्द माझेच. चोर मी कोणाला म्हटलं, ते तेव्हा मला फार ठामपणे माहीत होतं.

केंद्रप्रमुखांनी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. ते शिंपी, दोन गल्ल्या सोडून त्यांचं दुकान. गळ्यात मापाची टेप तशीच घेऊन आले. सरांनी त्यांना समजावलं, आवाज न चढवता, अगदी नीट. पुरवणी घेतली होती आणि आता ती नाही, असं मुलगी म्हणत असेल तर पुरवणी वर्गाबाहेर गेली असा अर्थ होतो. पुरवणी बाहेर नेणं म्हणजे गैरप्रकार. गैरप्रकार म्हणजे सगळे पेपर रद्द. त्यापेक्षा तिने लिहून द्यावं की पुरवणी घेतलीच नव्हती, विषय इथेच संपेल.

शिंपी म्हणाले, “माझी मुलगी एखाद वेळी गाठ मारायला विसरेल साहेब, खोटं नाही बोलणार.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बाई, तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते खरं.”

मी म्हटलं, “तक्ता जुळलेला आहे.”

तिने लिहिलं. अक्षर सुरेख. ‘मी दुसरी पुरवणी घेतली नव्हती. मी खोटे बोलले. बाईंची माफी मागते.’ खाली तिची सही, वडिलांची सही. ‘खोटे बोलले’ हे वाक्य मी घालायला लावलं. सरांनी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी जेवताना मी हे सगळं ह्यांना रंगवून सांगितलं. लग्नाच्या गाठीसकट. हे जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, मितभाषी माणूस, पण हसले. मीही हसले.

पुढचा पेपर सोमवारी होता. रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालत होते, आणि हे व्हरांड्यात शब्दकोडं घेऊन बसलेले. तिथूनच हाक आली, “अगं, हे काय आहे? वर्तमानपत्रात निघालं.”

चार पानांचा कागद. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात माझी सही, त्याखाली तिचा बैठक क्रमांक. वर अर्धवट ओवलेला पांढरा दोरा लोंबत होता.

पायाखालची वाळू सरकते म्हणतात ना, तसलं काही झालं नाही. पिळलेला टॉवेल हातात होता, त्याचं पाणी पायावर गळत होतं, आणि मी म्हटलं, “काही नाही हो, रद्दी आहे.” ह्यांच्या हातातून घेतला, आत गेले, कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. वर आणखी तीन साड्या ठेवल्या. मग येऊन म्हटलं, “ते कोडं सोडा, दुसरं घ्या, ते जुनं झालंय.”

काय म्हणावं या बाईला? सव्वीस वर्षं मुलांच्या बाह्या, मोजे, पट्ट्या तपासणाऱ्या बाईने कॉपी लपवावी तसा तो कागद लपवला. आणि डोकं भराभर चालत होतं. कोणाला कळणार? तक्ता जुळलेला. मामांची सही आहे. मुलीचा माफीनामा आहे. तिच्याच हातचा! सांगायचं तर वर्तमानपत्राचंही सांगावं लागेल. चौकशी लागेल, माझी उरलेली दोन वर्षं तोंड लपवत जातील, आणि तो माझा चहा, ती घंटाबाई, सगळं मातीत. चौदा मार्कांसाठी?

चौदा आहेत हे मला कसं कळलं? कारण दुपारी मी तो कागद परत काढला. मी भाषेची बाई, गणितातलं मला ओ की ठो कळत नाही, पण पिशवीत उरलेली एक प्रश्नपत्रिका होती, तिच्यावरून क्रमांक आणि मार्क जुळवता येतात. तीन प्रश्न होते. हे मागे येऊन उभे राहिले होते, मला कळलंच नाही. माझ्या खांद्यावरून वाचत राहिले. बोटाने ओळीओळीवरून जात होते, जसे पूर्वी नकाशावरून जायचे.

“बरोबर आहेत गं,” म्हणाले. “तिन्ही. शेवटचं तर वेगळ्याच रीतीने केलंय, पण बरोबर आहे. हुशार आहे पोरगी.”

मी कागद पालथा घातला.

“हीच ना ती? लग्नाची गाठवाली?”

“हो.”

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, “मी पण हसलो होतो तेव्हा.” एवढं म्हणून ते चपला घालून बाहेर पडले. हे मला कधी रागावत नाहीत. रागावले असते तर मी भांडले असते, मला भांडता येतं.

मी नियमाप्रमाणे आधी केंद्रप्रमुखांकडे जायला हवं होतं. गेले नाही. गेले असते तर त्यांनी मला समजावलं असतं, आणि मी समजले असते. मी साडीही न बदलता शिंप्याच्या दुकानात गेले.

दुकान म्हणजे एक खोली, दोन शिलाई मशिनं, भिंतीवर हँगरला टांगलेले तयार कपडे. वडील मशिनवर होते. मुलगी पलीकडच्या स्टुलावर, मांडीवर पुस्तक आणि पुस्तकावर कोणाचं तरी ब्लाउज, हुकं लावत होती. मला पाहून उठून उभी राहिली आणि हात मागे नेले. हात मागे! माझ्या वर्गात नेते तसे.

वडील घाईने खुर्ची पुसू लागले. “या बाई, बसा. परत काही चुकलं का हिचं?”

मी पिशवीतून कागद काढला. काय बोलायचं ते वाटेत शंभरदा घोकलं होतं, त्यातलं एकही वाक्य तोंडातून आलं नाही. म्हटलं, “ही हिची पुरवणी. माझ्या वर्तमानपत्रात अडकली होती. मी घरी घेऊन गेले. ही खरं बोलत होती. खोटी मी होते.”

मशिन थांबलं. त्यांनी कागद हातात घेतला नाही, नुसता पाहिला. मग ते मुलीकडे वळले, आणि मला वाटलं आता हे मला शिव्या घालतील, घालाव्यात, मी त्यासाठीच आले होते. ते अगदी हळू म्हणाले, “बाई, मी तिला मारलं त्या दिवशी. घरी आल्यावर. कधी हात लावला नव्हता मी तिला. म्हटलं, बाई कशाला खोटं बोलतील?”

मला खुर्ची दिली होती, पण मी उभीच होते. आता तीन महिने झाले, भांडी घासताना, दात घासताना, ते वाक्य मला ऐकू येतं.

मुलगी रडली नाही. तिने विचारलं, “बाई, आता तपासतील ना ही?”

“मी अहवाल लिहून पाठवीन. पण ग्राह्य धरतील की नाही, ते मंडळ ठरवणार. माझ्या हातात नाही.” खोटं आश्वासन द्यावंसं वाटलं होतं. नाही दिलं, तेवढी एकच गोष्ट मी धड केली.

“मी तेव्हा तुम्हाला सांगितलं होतं,” ती म्हणाली. “दारात.”

“हो. सांगितलं होतंस.”

तिने मान हलवली, खाली बसली आणि हुक लावायला लागली.

सोमवारी सकाळी साडेनऊला मी केंद्रप्रमुखांच्या टेबलावर पुरवणी आणि दोन पानी अहवाल ठेवला. त्यांनी वाचला, दार लावून घेतलं. “बाई, अहो, हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता? पाठवायचंच तर असं लिहू, बाकाखाली सापडली. झाडताना. तुमचं नाव नको, वर्तमानपत्र नको. मुलीचंही काम होईल.”

काय गोड वाटलं ते ऐकायला! क्षणभर मी खरंच पेन हातात घेतलं. बाकाखाली. म्हणजे कोणाच्या हातून पडली? तिच्या. पुन्हा तिच्याच.

“सर, तो माफीनामा काढा,” मी म्हटलं. त्यांनी फायलीतून काढला. ती ‘मी खोटे बोलले’ची ओळ मी दाखवली. “हे वाक्य मी घालायला लावलं होतं. याच्याखाली माझी सही हवी होती. आता करते.” मी त्या कागदाच्या पाठीवर सगळं लिहिलं, पसरलेल्या वर्तमानपत्रापासून आधीच भरलेल्या तक्त्यापर्यंत, आणि सही केली. मामांच्या आठ पुरवण्यांचंही लिहिलं, की त्यांची मोजणी बरोबर होती आणि मी दडपलं. सरांनी कपाळाला हात लावला. मग सगळं एका पाकिटात घालून मोहोर केली. चौकशी होईल म्हणाले. पण आज माणसं कमी आहेत, आजचा वर्ग तुम्हीच घ्या.

तोच वर्ग. टेबलावर धूळ होती. मी पदराने पुसली.

उत्तरपत्रिका वाटण्याआधी मी फळ्यापुढे उभी राहिले. “मुलांनो, गणिताच्या पेपरला खिडकीजवळच्या मुलीची पुरवणी माझ्याकडून हरवली होती. तिने मला सांगितलं, मी ऐकलं नाही, उलट तिला खोटं ठरवलं. मी चुकले. तिची माफी मागते.” पंचवीस मुलं माझ्याकडे बघत होती. ती मात्र खिडकीबाहेर बघत होती. तिने माझ्याकडे पाहावं अशी माझी फार इच्छा होती, आणि तिने पाहिलं नाही, आणि तिचं बरोबर होतं.

तक्ता मी कोरा ठेवला. घंटेच्या दहा मिनिटं आधी सांगितलं, पुरवण्या बांधा. कोणाचा दोरा तुटला तर हात वर करा, मी येते. आवाज माझाच होता, पण शेजारच्या वर्गात गेला नसेल.

घंटा झाली. मी एकेका बाकाशी जात होते. ती उत्तरपत्रिका दोन्ही तळहातांखाली दाबून बसली होती. मी हात पुढे केला. तिने उचलू दिली नाही.

“बाई, पुरवण्या मोजा.”

मी तिच्यासमोर पानं उलटली. “दोन.”

“मोठ्याने मोजा.”

आवाजात उद्धटपणा नव्हता. दुकानात गिऱ्हाईक सुटे पैसे मोजून घेतं, तेवढंच.

“एक,” मी म्हटलं. “दोन.” अख्ख्या वर्गाला ऐकू गेलं. तिने पहिल्या पानावरच्या चौकटीतल्या दोनवर बोट ठेवलं, मी तो वाचेपर्यंत ठेवलं, मग हात काढला.

मी पुढच्या बाकाशी गेले. तिथल्या मुलाने उत्तरपत्रिका दाबून धरली होती. “बाई, माझ्याही मोजा.” त्याच्या मागचीनेही. तिच्या मागच्यानेही. कोणी हसत नव्हतं. चार-पाच जणांनी तर पुरवणी घेतलीच नव्हती, त्यांनीही धरून ठेवल्या, आणि त्यांच्यासाठी मी मोठ्याने “एकही नाही” असं म्हटलं.

कार्यालयात मी सगळ्यांच्या शेवटी पोचले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. चहाचे कप विसळून पालथे घातलेले होते. शिपाईमामा एकटेच बसले होते, सकाळचं त्यांच्या कानावर गेलं असणारच. मी तक्ता आणि कोऱ्या पुरवण्या पुढे ठेवल्या.

“सात आहेत मामा,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. अंगठा जिभेला लावला आणि एकेक कागद सुटा करून मोजायला लागले. सात झाले. मग गठ्ठा सरळ केला आणि पहिल्यापासून पुन्हा मोजायला लागले. मी उभी राहिले.